पाचर कुठून ठोकायची

धरणगाव, २९ मार्च १९८९
(पोस्टाने)

मथुरा बाळ,

तुझ्या घरी आलेलं पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं जातं, असं तू मागे म्हणाली होतीस. बरंच आहे, विहीणबाईंना वेगळं लिहायला नको. भागाबाई विहीणबाई, नमस्कार घ्यावा. वाल्मीकराव जावईबापूंना आशीर्वाद. तिकडे धुळ्याला, देवपुरात उन्हाळा कसा आहे? इथे दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

लिहायला बसले ते आखाजीसाठी, अक्षय्य तृतीया जवळ आली. तुझे आबा गेल्यानंतरची ही पहिली आखाजी, म्हणजे त्यांच्या नावाची पहिली घागर. घागर भरणं, वर डांगराचं फळ ठेवणं, निखाऱ्यावर घासाची आगारी टाकणं मी सगळं करीन. पण त्यांना लेक एकच. तिचा हात घागरीला लागावा असं वाटतं. तुला पुन्हा दिवस गेलेत हे कळलं, आनंद झाला. घागर झाली की चार दिवस विसाव्याला राहा. गाडी घेऊन मीच येईन.

गाडी चांगली आहे. मी रोज सकाळी ती कापसाच्या जिनाच्या फाटकापर्यंत नेऊन आणते. एवढंच की सुरू केली की फॅनबेल्ट किंचाळतो आणि समोरचा लाल दिवा विझत नाही. डायनामोला जागेवर धरणारी खाचेची पट्टी झिजली आहे. नट कितीही आवळा, डायनामो इंजिनाकडे सरकतो आणि बेल्ट सैल पडतो. बेल्ट घसरला की पंखा नीट फिरत नाही आणि बॅटरीही भरत नाही. आबा इंजिन आणि डायनामो यांच्या फटीत लाकडाची पाचर ठोकून ठेवायचे. ती पडून गेलेली दिसते. नवी करायची आहे, पण एक आठवत नाही. पाचर समोरून, पंख्याच्या बाजूनं ठोकायची की मागून? त्यांच्यासोबत वाकून नेहमी तूच असायचीस. तेवढं कळव.

तब्येतीला जप. 

तुझी आई

*

धरणगाव, १३ एप्रिल १९८९
(झुंबरबाईच्या हाती)

मथुरा,

हे पत्र झुंबरबाईच्या टोपलीत, हिरव्या बांगड्यांच्या कागदाखाली ठेवलं आहे. आखाजीच्या आधी ती देवपुरातल्या गल्ल्यांतून बांगड्या भरत फिरते, तिच्यावर कुणाला शंका येणार नाही. वाचून चुलीत घाल.

माझ्या पत्राचं उत्तर आलं. अक्षर जावईबापूंचं आहे. वर लिहिलंय, "मथुरा सांगते तसे लिहितो." खाली लिहिलंय, "तिची तब्येत उत्तम आहे. यंदा माहेरी येण्याची तिची इच्छा नाही. पाचर समोरून ठोकावी, समोरून हात सोयीने पोहोचतो."

मथुरा, पाचर कुठून ठोकतात हे मला चांगलं ठाऊक आहे. मुद्दाम विचारलं. 

तू शाळेत होतीस. धुळ्याचं भाडं आलं होतं, पॅसेंजर खोळंबले होते, आणि आबांनी घाईत पाचर समोरून ठोकली. तू वाकून बघत होतीस. पाचर हादऱ्यानं सुटली, पंख्याच्या पात्यानं ती उडवली आणि तुझी हनुवटी फुटली. तो व्रण अजून आहे. आबांनी भाडं सोडून दिलं, तुला कडेवर घेऊन दवाखान्यात धावले. तेवढी मोठी पोरगी कडेवर, लोक बघत होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढे पाचर नेहमी मागून. मागची सुटली तर खाली रस्त्यावर पडते, कुणाला लागत नाही. 

हे तू झोपेतही चुकणार नाहीस. म्हणजे तुला कुणी विचारलंच नाही. आणि जर पाचरीचं विचारलं नाही, तर यायची इच्छा नाही हे तरी कुणी विचारून लिहिलं?

गेल्या आखाजीचं मी कधी तुझ्याशी बोलले नाही. आबा तुला आणायला आले होते. मागच्या सीटवर त्यांनी गोधडी अंथरली होती, रस्त्याचे धक्के लागू नयेत म्हणून. विहीणबाई म्हणाल्या, नळ रोज येत नाही, टँकरवर कोण जाईल, आखाजी झाल्यावर पाठवू. आबा पाहुण्यासारखे चहा पिऊन रिकामी गाडी घेऊन परत आले. आखाजीनंतर तुझं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. टँकरच्या रांगेत हंडा उचलताना कळ आली, एवढंच आम्हाला कळवलं. आबांनी ते पत्र माझ्या हातात दिलं आणि गाडीत जाऊन बसून राहिले. गाडी सुरू केली नाही. नुसते बसले. श्रावणात ते गेले. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं, आपण डॉक्टरांचं ऐकावं.

गोधडी अजून मागच्या सीटवर आहे.

आता पुन्हा तोच महिना, तोच उन्हाळा, तोच टँकर. मला झोप लागत नाही.

पण मी तुला ओढून नेणार नाही. संसार तुझा आहे. लिहून काही देऊ नकोस. झुंबरबाईला एकच सांग, पाचर कुठून ठोकायची. मागून म्हणालीस तर मी येते, मग काहीही होवो. समोरून म्हणालीस तर समजेन की तुझं तिथे बरं आहे, आणि पुन्हा विचारणार नाही.

आई

*

धरणगाव, २४ एप्रिल १९८९
(झुंबरबाईच्या हाती)

मथुरा,

झुंबरबाई काल आली. पूर्वी ती आली की आधी माझा हात धरायची. आता उंबऱ्याशी टोपली झाकून बसते आणि चहा मागते. मला वाईट वाटू नये म्हणून टोपली झाकते, आणि झाकलेली टोपलीच जास्त दिसते. असो.

तिनं सगळं जसंच्या तसं सांगितलं. तू हात पुढे करून बसली होतीस, विहीणबाई शेजारीच गहू निवडत होत्या, आणि तू सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणालीस, "मायले सांग, पाचर मागथीन ठोक."

"कसानी पाचर वं?" विहीणबाईंनी विचारलं.

"गाडीनी, आत्या."

"गाडी इकी टाक म्हना तुनी मायले. रांडमुंड बाईले गाडी कसाले?"

झुंबरबाई म्हणाली, ऐकून तिच्या हातातल्या दोन बांगड्या वाढल्या. "पोर भलती धीटनी शे अक्का," असं ती दहादा म्हणाली. मग टोपलीचं फडकं सारखं करत हळूच म्हणाली, "तिले अडीचना चुडा व्हता लगीनमा. आते सव्वादोनना बसस." मथुरा, पोटुशी बाई अंगानं भरते. तुझं मनगट उतरलं आहे. मागून म्हणाली नसतीस तरी हे ऐकून मी आले असते. दिलेला शब्द मोडला असता.

विहीणबाईंनी तिच्याजवळ निरोपही दिला. न्यायला माहेरचा मुराळी येऊ द्या, मग पाठवू. बाईनं लेकीला न्यायला यायची रीत नाही, त्यातून... एवढं बोलून थांबल्या म्हणे. मी पुरं करून घेतलं.

म्हणून मुराळी शोधायला जळगावला गेले. तुला भाऊ नाही, काका तरी आहे. सुकदेव भावजींनी सरबत दिलं, पंखा लावला आणि म्हणाले, "वहिनी, तिच्या सासूचं काय चुकलं? आणि तुम्ही गाडी चालवत येणार, मी शेजारी बसणार? मला जळगावात तोंड दाखवायचंय."

मी म्हणाले, "तोंड रुमालात गुंडाळून बसा, भावजी. ऊन आहेच."

ते हसले नाहीत. येणार नाहीत.

आता गाडीचं. तोतारामच्या गॅरेजवर गेले तर कुलूप. आखाजी जवळ आली की गावातले पुरुष पत्ते घेऊन बसतात, तोताराम त्यांत पहिला. मारुतीच्या पाराजवळ सापडला. मान वर न करता म्हणाला, "अक्का, आते उठनू ते लक्ष्मी रुसी जाई. आखाजी व्हऊ द्या." आखाजी झाल्यावर मला गाडीचं काय करायचंय? त्याच्याकडून पाने आणि टामीची लोखंडी कांब तेवढी मागून आणली.

खाटेचा मोडका पाय माळ्यावर होता, बाभळीचा, वाळून दगड झालेला. कोयत्यानं त्याची पाचर तासली. बॉनेट उघडून डायनामोचे नट ढिले केले, टामी घालून डायनामो इंजिनापासून लांब दाबला आणि दुसऱ्या हातानं नट आवळला. बेल्ट मधोमध अंगठ्यानं दाबायचा, अर्धा इंच खाली गेला की ताण बरोबर, असं आबा म्हणायचे. तसंच केलं. तरी बेल्ट किंचाळला. मग जास्त ताणला, तर डायनामोतून घरघर यायला लागली. तीही वाईट. फार ताणलं तर आतलं बेअरिंग जातं.

चुलीपुढे बसल्यावर लक्षात आलं. अर्धा इंच आबांच्या अंगठ्यानं. तो अंगठा केवढा होता! माझ्या अंगठ्याच्या जोरानं अर्धा इंच गेला म्हणजे बेल्ट सैलच. या अंगठ्यानं मी कितीतरी वर्षं फक्त शाई उमटवली. नंतर आबांच्या शेजारी बसून रस्त्यावरचे मैलाचे दगड वाचत अक्षरं शिकले. धुळ्याचा "धु" मला "ध"च्या आधी आला. जळगावच्या साहेबांनी लायसन्स देताना सही करा म्हटलं, तेव्हा आबा खिडकीतून बघत होते, मीच पास झाले की ते, हे कळत नव्हतं.

सकाळी उठून पुन्हा केलं. नख पांढरं पडेपर्यंत दाबलं आणि तेव्हा कुठे अर्धा इंच जाऊ दिला, मग मागून पाचर ठोकली. किंचाळणं थांबलं. दिवा विझला. मी एरंडोलपर्यंत जाऊन आले.

येताना दिवा पुन्हा लागला. पाचर अर्धी बाहेर आली होती. मागच्या फटीत माझा हात हातोडीसकट जात नाही, त्यामुळे ठोका नीट बसत नाही. आता उमगलं, ठोकायचं काम आबा तुझ्याकडे का द्यायचे. तुझा हात बारीक होता.

तरी येते. आखाजी आठ मेला, सोमवारी आहे. तिच्या आधीच्या शनिवारी सकाळी येईन. पिशवी भरून ठेवू नकोस, दिसेल.

आई

*

धरणगाव, १ मे १९८९
(पोस्टाने)

भागाबाई विहीणबाईंना नमस्कार.

आपला निरोप झुंबरबाईकडून मिळाला. रीत मोडू नये हे मलाही पटतं. शनिवारी सकाळी मुराळी आपल्या दारात येईल. मुराळ्यासाठी स्वयंपाक करू नये, तो जेवायला थांबणार नाही. मथुराला तयार ठेवावं.

नर्मदाबाई आधार पाटील

*

धरणगाव, १० मे १९८९
(पोस्टाने)

वाल्मीकराव जावईबापू,

शनिवारी तुम्ही ऑफिसातून आलात तेव्हा मथुरा घरात नव्हती. तुम्हाला चार तोंडांनी चार गोष्टी कळल्या असतील. जे झालं ते मी लिहिते. काही झाकत नाही, कारण आता झाकायचं कारण उरलं नाही.

धरणगावहून सकाळी लवकर निघाले. पारोळ्याच्या अलीकडे दिवा लागला. उतरून पाचर आत ठोकली, हाताला चटका बसला, रेडिएटरमध्ये पाणी घातलं आणि पुढे आले. जवळचं पाणी तिथेच संपलं. धुळ्यात शिरताना दिवा पुन्हा लागला. पांझरेच्या पुलावर बेल्ट असा किंचाळला की सायकलवाले बाजूला झाले. देवपुरात पोहोचेपर्यंत गाडीच्या नाकातून वाफ येत होती आणि मला एकच धास्ती होती. गाडी बंद केली असती तर बॅटरीत पुन्हा सुरू करण्याइतका जीव नव्हता. तुमच्या दारात गाडी ढकलायला मला कोण मिळालं असतं? म्हणून इंजिन चालू ठेवूनच तुमच्या गल्लीत आले. बंद करता येत नव्हतं आणि फार वेळ चालूही ठेवता येत नव्हतं.

आवाज ऐकून गल्लीतली मुलं नेहमीसारखी धावली. "मथुरावहिनीना मुराळी उना! मुराळी उना!" त्यांना गाडी ओळखीची आहे.

तुमच्या आई दारात आल्या. मला एकटीला स्टेअरिंगवर बघून म्हणाल्या, "मुराळी कोठे शे?"

मी म्हणाले, "ही काय उभी आहे. लग्नापासून दर आखाजीला तुमच्या दारात हीच येते. चालवणारा गेला, विहीणबाई. मुराळी आहे."

"मंग लोखंडले पाय धुवाले पानी देऊ का?"

"द्या," मी म्हणाले. "तापलीय. रेडिएटरला लागेल."

गल्ली हसली. तुमच्या आई हसल्या नाहीत, आणि मी त्यांचा अपमान करायला म्हणाले नव्हते, मला खरंच पाणी हवं होतं. समोरच्या यशोदाबाईंनी कळशी आणून दिली. त्यांना तुमच्याकडून कुणी बोलू नये. रेडिएटरचं झाकण फडक्यानं धरून थोडं थोडं ढिलं केलं, वाफ जाऊ दिली, मग पाणी ओतलं. पण बेल्ट किंचाळतच होता. तुमच्या आई म्हणत होत्या, आत या, बसा, वाल्मीक येऊ द्या, मग बघू. रीतीनं मला आत जायला हवं होतं. आत गेले असते तर गाडी तिथेच संपली असती. गेल्या वर्षी आबा आत गेले होते, चहा प्यायले होते.

तेवढ्यात मथुरा बाहेर आली. पाट्यावर चटणी वाटत होती, हातात वरवंटा तसाच होता. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. आधी कान देऊन बेल्ट ऐकला.

"माय, पाचर निंघी का?"

"अर्धी."

"बॉनेट धर."

मी धरलं. चालू इंजिन, फिरता पंखा, पाच महिन्यांची पोटुशी पोर. मी म्हणाले, राहू दे, आपण अशाच जाऊ. तिनं बांगड्या कोपराकडे सारल्या, पदर कमरेला घट्ट खोचला आणि बाजूला उभी राहून मागच्या फटीत हात घातला. जावईबापू, तो हात इतका सहज आत गेला की मला बघवलं नाही. लहानपणी जायचा तसा गेला. बाईचा हात तसा जायला नको होता.

वरवंट्याचे ठोके पडले. किंचाळणं एकदम थांबलं. मी वाकून आत बघितलं, लाल दिवा विझला होता.

ती गाडीचं मागचं दार उघडायला वळली तेव्हा तुमच्या आईंनी तिचा दंड धरला. "वाल्मीकले ईचारशी का नही?"

मथुरानं हात सोडवला नाही. हळूच म्हणाली, "त्यास्नी मले कधी ईचारं, आत्या?"

तुमच्या आईंनीच हात सोडला. तेवढं श्रेय मी त्यांना देते. त्याही कधी कुणाची सून होत्या, त्यांनाही कधी कुणी विचारलं नसेल.

मथुरा गोधडीवर आडवी झाली. पारोळ्याला म्हणाली, "माय, दिवा लागना का?" मी म्हणाले, नाही. मग ती रडली. मी गाडी थांबवली नाही. थांबवली असती तर मीही रडले असते, आणि रस्ता उरला होता.

सोमवारी आबांची घागर भरली. पाणी तिनं ओतलं, मी डांगर ठेवलं. डॉक्टरांनी तिला तपासलं. रक्त फार कमी आहे, जड उचलायचं नाही, जास्तीत जास्त पडून राहायचं. बाळंतपण इथेच होईल. हे मी तुम्हाला विचारत नाही, कळवते आहे.

जावईबापू, तुम्ही वाईट माणूस नाही. रविवारी तुम्ही स्वतः टँकरवर जाता, हे मथुरानंच सांगितलं, आणि मला बरं वाटलं. पण तुम्ही तिला न विचारता तिचं उत्तर देता. गाडीचं दिलंत, तब्येतीचं दिलंत, इच्छेचंही दिलंत. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी पाचर समोरून ठोकली असती तर रस्त्यात काय झालं असतं, ते तुम्हाला तीच सांगेल.

एक राहिलंच. तुमच्या घरचा वरवंटा आमच्याकडे आला आहे. गडबडीत मथुराच्या हातातच राहिला. पाटा तिकडे आणि वरवंटा इकडे, असं बरं नव्हे. तो न्यायला मुराळी म्हणून तुम्ही या. रीतीनं या, चहाला थांबा, जेवा. मथुराला न्यायचं बोलायचं असेल तर ते माझ्याशी नको, तिच्याशी बोला. ती म्हणेल ते मला मान्य.

खाली तिला दोन ओळी लिहायच्या आहेत. मी वाचणार नाही, तशीच पाकीट बंद करून टाकते.

नर्मदाबाई

ता.क. हे माझ्या हातचं आहे. पाचर मागून ठोकतात. माझ्या हनुवटीवर कसला व्रण आहे, हे तुम्ही लग्नापासून कधी विचारलं नाहीत. आलात आणि विचारलंत, तर सांगेन.
— मथुरा